जुन्या घड्याळाचं वय झाकणावर शोधू नका

प्रश्न : आजोबांचं एल्जिन या अमेरिकन कंपनीचं मनगटी घड्याळ आहे. झाकणाच्या आतला नंबर एल्जिनच्या यादीत पाहिला तर साल १८९०च्या आसपासचं येतं. हे कसं? (जुळे सोलापूर)

उत्तर : यादी बरोबर, नंबर भलताच. झाकणातला आकडा केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं आवरण, बनवणाऱ्याचा असतो : वॅड्सवर्थ, स्टार, कीस्टोन. या कंपन्या वेगळ्या आणि त्यांचे क्रमांकही वेगळे. साल निघतं ते मशीनच्या, म्हणजे आतल्या यंत्राच्या, प्लेटवर कोरलेल्या नंबरावरून.

झाकणाच्या कडेला नखाएवढी खाच असेल तर केस उघडायची सुरी तिथे लावा. पेचकस नको, घसरला की ओरखडा कायमचा. चौकोनी केसला खाच नसेल तर जोर लावू नका. अशा केसमध्ये बरेचदा मशीन समोरून निघतं. नवी पेठेतल्या एखाद्या जुन्या घड्याळजीकडूनच उघडून घ्या.

केस बदललेली आहे का, ते मशीनभोवती पाहा. अमेरिकन मापातलं ६/० साइजचं मशीन साधारण २५.४ मिमी व्यासाचं, ८/० चं २३.७ मिमी. मोठ्या केसमध्ये छोटं मशीन बसवलं की फट पितळी रिंगने भरतात. ती रिंग हाताने कापलेली दिसली, तर केस दुसऱ्या मशीनची. चावीची दांडी भोकाच्या मधोमध न जाता एका कडेला घासत असेल, तरी तेच. अशी दांडी झिजते, भोकातून धूळ शिरते, तेल घट्ट होतं आणि घड्याळ मागे पडू लागतं.

एक मात्र लक्षात ठेवा. १९२०च्या दशकापर्यंत बरीच अमेरिकन मशीनं सुटी विकली जात, केस गिऱ्हाईक दुकानात निवडे. तेवढ्या जुन्या घड्याळाची 'मूळ केस' शोधत बसण्यात फारसा अर्थ नाही.

प्रश्न : बुलोव्हा कंपनीच्या घड्याळाच्या झाकणावर 'एम २' आहे, मशीनवर 'एल ३'. खरं साल कोणतं? (बार्शी)

उत्तर : दोन्ही खरी. बुलोव्हाच्या खुणेत एल म्हणजे १९५०चं दशक, एम १९६०चं, एन १९७०चं; पुढचा आकडा त्या दशकातलं वर्ष. म्हणजे मशीन १९५३चं, केस १९६२ची. एखाद्या वर्षाचा फरक चालतो, नऊ वर्षांचा नाही. केस नंतर बसवलेली आहे. विकणारा '१९५३चं, सगळं ओरिजिनल' म्हणत असेल तर भाव पाडून मागा. १९५०च्या आधीच्या बऱ्याच मशीनवर अक्षराऐवजी त्रिकोण, वर्तुळ अशी चिन्हं असतात.

प्रश्न : केसवर '१० के आर.जी.पी.' लिहिलंय. सोनं किती निघेल? (अक्कलकोट)

उत्तर : मोडीत काढण्याइतकं नाही. आर.जी.पी. म्हणजे रोल्ड गोल्ड प्लेट, स्वस्त धातूवर सोन्याचा पातळ पत्रा; १० के म्हणजे ते सोनं १० कॅरेटचं. 'गोल्ड फिल्ड' असतं तर पत्रा जाड असता. सराफाला कानस लावू देऊ नका. पत्रा कापला की खालचा धातू उघडा पडतो आणि घामाने काळा होतो.