नेट मीटर लागेपर्यंत सोलरचा एमसीबी (खटका) खालीच ठेवा

ताई, 'लाइट बिल अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, पण वेंडर म्हणतो पॅनल लावून चालू करून टाका, मीटर मागाहून येईल' हे तुमचं वाक्य वाचलं आणि चहा तसाच गार झाला. आमच्या वेंडरनेही हेच सांगितलं होतं.

मी इंजिनिअर नाही, कुणाची एजंटही नाही. इंदुरातल्या एका जुन्या घराच्या गच्चीवर जे भोगलं तेवढंच सांगते, तुमच्याकडे नियम वेगळे असले तर विचारून घ्या. पॅनलचं तोंड दक्षिणेला, वर सावली नको, वगैरे तुम्हाला माहीत असणारच.

२०२४च्या दिवाळीनंतर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं. पोरगा म्हणाला, "मीटर उलटं फिरेल, बिल शून्य." उलटं फिरायचं ते जुनं चकतीवालं मीटर. आताची बरीचशी साधी डिजिटल मीटरं वीज आत आली काय नि बाहेर गेली काय, दोन्ही बेरजेतच धरतात! दिवसाला १२ युनिट तयार व्हायची, त्यातली चारेक घरात लागायची, उरलेली आठ तारेवर जायची आणि आमच्याच नावावर चढायची. महिन्याला २७० युनिट येणारं बिल, १२० वाचली पण २४० चढली, म्हणून ३९०वर गेलं. सोलर लावून बिल वाढलेलं आमचं गल्लीतलं एकमेव घर. शेजारच्या काकू अजून विचारतात, "काय गं, ऊन महाग झालं का?"

एमसीबी पाडून नेट मीटरसाठी (आत आलेली नि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारं मीटर) धावले, तर अर्ज परत. बिलावर सासरे, ते जाऊन सहा वर्षं झालेली. कुठल्या कार्यालयात हेलपाटे घातले ते लिहीत नाही, पुन्हा तिथेच जायचं आहे. पण एकदाच बसवून सगळी यादी सांगितली असती तर काय बिघडलं असतं? आधी मृत्यूचा दाखला. तो नेला तर घराचे कागद. ते नेले तर धाकट्या दिरांचं संमतिपत्र, तेही स्टॅम्पपेपरवर, आणि दीर पुण्यात. एका खेपेला नुसतं 'साहेब साइटवर आहेत'. पाच महिने पॅनल उन्हात नुसते वाळत पडले होते, सांडग्यांसारखे. सांडगे निदान तळता तरी येतात.

म्हणून आधी नाव बदला, मग अर्ज, मग मंजुरी, त्यानंतरच पॅनल. घरावरच्या सोलरसाठी केंद्र सरकारची सूर्यघर योजना आहे, तिचं अनुदानही नावं जुळली नाहीत की अडकतं. आणि नेट मीटर लागल्याशिवाय वेंडरने कितीही गोड बोललं तरी चालू करू देऊ नका.

आता माझं मत, पटलं तर घ्या. तुमचा वापर महिन्याला २०० युनिट म्हणता, मग ३ किलोवॅट कशाला? १ किलोवॅट सरासरी रोज चार युनिट देतं, २ पुरे. अनुदान पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आहे, तिसऱ्याला फक्त १८,०००. ७८,०००चा आकडा दाखवून मोठं गळ्यात मारतात. आणि बॅटरी नसलेल्या साध्या ऑन-ग्रिड (म्हणजे सरकारी तारेला जोडलेल्या) सोलरमध्ये लाइट गेली की भर दुपारीसुद्धा घरात अंधार. खांबावर काम करणाऱ्याला शॉक लागू नये म्हणून इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबा) आपोआप बंद होतो. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

पॅनल सकाळी गार असताना धुवा, तेही नर्मदेच्या, म्हणजे आमच्याकडच्या नळाच्या पाण्याने. बोरिंगच्या पाण्याचे पांढरे डाग काचेवर बसले की निघता निघत नाहीत.

नाव बदलेपर्यंत हात शिवशिवत असतील तर पेटीवाला सोलर कुकर आणा. बाहेरून काळ्या रंगाच्या डब्यात वरण-भात ठेवा, चांगल्या उन्हात दोन-तीन तासांत होतो. घ्यायच्या आधी पाहायचा असेल तर इंदूरजवळ सनावदियाला सोलर कुकरचा प्रसार करणाऱ्या जनक पलटा मॅकगिलिगन यांच्या केंद्रात विचारा. फोडणी मात्र गॅसवरच, त्याला इलाज नाही.

दिरांची सही लागणार असेल तर ते कुठे असतात? लांब असतील तर पुढच्या सणाला आले की स्टॅम्पपेपर तयार ठेवा.