मंगळवारी जा, पंधरा ऑगस्टला नको

शाहूपुरी, सातारा

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

पुणं सोडून रहिमतपूरला सासरी आलीस आणि लेकाला पहिलीत कुठं घालायचं यावरून घरात रोज वाजतंय, हे फोनवर कळलं. सासरे म्हणतात झेडपीची शाळा दारात आहे, नवरा म्हणतो इंग्रजी शाळेची पिवळी बस गल्लीत येते. मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या झेडपी शाळांवर देखरेख करणारा, होतो म्हणून निवाडा माझ्याकडं आलाय. निवाडा मी देत नाही. शाळा बघायची कशी, तेवढं सांगतो.

पंधरा ऑगस्टला किंवा स्नेहसंमेलनाला जाऊ नकोस, त्या दिवशी सगळ्याच शाळा नवरीसारख्या नटतात. एखाद्या मंगळवारी अकरा-साडेअकराला जा. मुख्याध्यापकांना विचारून तिसरीच्या वर्गात बस. तिसरीच अशासाठी की, २०२१ साली निपुण भारत अभियान सुरू झालं, त्याचं लक्ष्यच असं आहे की तिसरी संपेपर्यंत पोराला समजून वाचता यावं आणि साधा हिशेब जमावा. पाठ्यपुस्तक मागू नकोस. घरून एखादं गोष्टीचं पुस्तक ने आणि मागच्या ओळीतल्या पोराला एक पान वाचायला दे. पुढच्या ओळीतलं नको. वर्गावर असताना तपासणीच्या दिवशी हुशार पोरं पुढं बसवायचा उद्योग मी स्वतः केलाय. शेरा 'उत्तम' मिळाला. मागं भिंतीला टेकून बसलेली चौघं तशीच अडखळत वरच्या वर्गात गेली. अजून आठवतात.

एकदा एका रंगरंगोटी केलेल्या शाळेत गेलो होतो. भिंतीवर आगगाडी, वर्गात मोठा टीव्ही, त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर आणि कव्हरवर धूळ. एक मुलगा उठला आणि धडा धडाधड म्हणाला. नजर मात्र खिडकीबाहेर. मी हळूच पान उलटलं, तरी तो आधीचंच पान म्हणत राहिला. त्याच आठवड्यात डोंगराकडच्या एका द्विशिक्षकी शाळेत गेलो. पत्र्याखाली बादली ठेवलेली, टपटप चालू. तिथली एक मुलगी ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचत होती. मध्येच थांबली आणि म्हणाली, "गुरुजी, सुगी म्हंजे काय?" शेजारची म्हणाली, "अगं, आपली ज्वारी काढत्यात की, ती." बाईंनी मध्ये तोंड घातलं नाही. माझ्या लेखी ती शाळा चांगली.

पटसंख्या कमी म्हणून नाक मुरडू नकोस. कायद्याने पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात, म्हणजे एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसणार. बाई दुसरीला शिकवतात तेव्हा चौथी काय करते, हे बघ. नुसती पाटीवर पाढे गिरवत बसली असेल तर अवघड आहे. बाई इथं किती वर्षं आहेत, तेही विचार, कारण बदलीत चांगला शिक्षक गेला की दोन वर्षांत शाळेची रया जाते. निवडणूक, जनगणना या कामांना त्यांना जावंच लागतं. त्याचा दोष शाळेला देऊ नकोस. तेवढे दिवस पोरं कोण सांभाळतं, ते मात्र विचार.

शौचालय बघ. मुलींच्या शौचालयाला कुलूप आणि किल्ली ऑफिसात, असं असेल तर पुढचं बघायची गरज नाही. खिचडी वाढताना उभी राहा. वाढण्याआधी शिक्षकाने चव घेऊन नोंद करायची असते. पातेल्यापाशी गुरुजी दिसतात, की वहीत महिन्याभराच्या सह्या एकदम होतात?

आणि एक खास आपल्या भागातली खूण. दिवाळीनंतर साखर कारखाने पेटले की बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात, उसाच्या फडाशेजारी त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. त्या कोप्यांतली पोरं वर्गात दिसतात का? स्वतः कोपीवर जाऊन आईबापांशी बोलून पोरं आणणारे गुरुजी मी पाहिलेत. असा माणूस तुझ्या लेकाकडंही दुर्लक्ष करणार नाही.

नवऱ्याला इंग्रजीची धास्ती असेल तर बऱ्याच झेडपी शाळांत सेमी इंग्रजी आहे. आणि पिवळ्या बसच्या शाळेलाही हीच गोष्टीच्या पुस्तकाची परीक्षा लाव. वर्ग बघू देत नसतील तर तेच उत्तर समज. सासरे बहुतेक बाबासाहेबांचा दाखला देतील, ७ नोव्हेंबर १९०० ला ते साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले म्हणून. अभिमान मलाही आहे, पण सव्वाशे वर्षांपूर्वीच्या दाखल्यावर आजची शाळा निवडू नये.

झेडपीत घातलंस तर शाळा व्यवस्थापन समितीत शीर. तिच्यात पंचाहत्तर टक्के पालक असावे लागतात, निम्म्या बाया. बऱ्याच ठिकाणी सभा कागदावरच होते. चहा पिऊन सही करून येऊ नकोस, खर्चाची वही माग. पहिल्या वेळी तोंडं वाकडी होतील.

जाताना लेकाला बरोबर ने, तासभर पहिलीत बसू दे. परत येताना तो काय बोलतो ते ऐक आणि मग मला फोन कर. दुपारी एक ते तीन नको, मी झोपलेला असतो.

तुझे,
गुरुजी