भिंतीवरच्या दर-टॅबलेटचा डिस्प्ले शिडीशिवाय कसा बदलायचा?

तुमचा प्रश्न असा: सांगली मार्केट यार्डातल्या आडत दुकानात दहा फुटांवर अँड्रॉइड टॅबलेट लावलाय, त्यावर हळदीचे दर दिसतात. ब्राइटनेस, अक्षरांचा आकार, उभी-आडवी स्क्रीन हे सगळं गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरवरून बदलायचंय. त्याला वेगळं अ‍ॅप नको, एडीबी (कॉम्प्युटरवरून अँड्रॉइडला कमांड देणारं साधन) पुरतं. कमांड इथे देवनागरीत देतोय. टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं आणि इंग्रजी आकडे घ्या, अंडरस्कोअर आणि मोकळ्या जागा आहेत तशाच ठेवा.

शिडी एकदा लावावीच लागेल. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे यूएसबी डिबगिंग चालू करा, केबल जोडा आणि टॅबलेट परवानगी विचारेल तेव्हा 'नेहमी' वर टिक करूनच होकार द्या. अँड्रॉइड ११ किंवा पुढचं असेल तर त्याच यादीत 'एडीबी ऑथोरायझेशन टाइमआउट' बंद करणारा पर्याय आहे, तोही चालू करा. नाहीतर सात दिवस जोडणी झाली नाही की कॉम्प्युटरची परवानगी आपोआप रद्द होते. शाओमीच्या टॅबलेटवर 'यूएसबी डिबगिंग (सिक्युरिटी सेटिंग्ज)' हे वेगळं बटणही लागतं, त्याशिवाय सेटिंग बदलताना परवानगीची एरर येते.

आता वायफायवरून जोडायला 'एडीबी टीसीपीआयपी ५५५५' द्या, केबल काढा, मग 'एडीबी कनेक्ट' आणि पुढे टॅबलेटचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता). केबल तशीच राहिली तर एकाच टॅबलेटची दोन उपकरणं दिसतात आणि पुढची प्रत्येक कमांड अडते.

काही बदलण्याआधी 'एडीबी शेल डब्ल्यूएम डेन्सिटी' आणि 'एडीबी शेल डब्ल्यूएम साइझ' आकड्याशिवाय चालवा आणि आलेले आकडे वहीत लिहून ठेवा. अक्षरं मोठी करायला डेन्सिटी वाढवायची, पण २०-२० ने. १६० असेल तर १८०, मग २००. चुकून १६०० पडलं तर स्क्रीनवर काहीच धड दिसत नाही, बटणं हाताला लागत नाहीत. तरी घाबरू नका, एडीबी स्क्रीनवर अवलंबून नसतं. 'एडीबी शेल डब्ल्यूएम डेन्सिटी रीसेट' दिलं की सगळं जागेवर येतं. साइझला शक्यतो हात लावू नका.

ब्राइटनेससाठी आधी ऑटो बंद: 'एडीबी शेल सेटिंग्ज पुट सिस्टम स्क्रीन_ब्राइटनेस_मोड ०'. हे राहिलं तर तुम्ही दिलेला आकडा सेन्सर लगेच पुसून टाकतो. मग 'एडीबी शेल सेटिंग्ज पुट सिस्टम स्क्रीन_ब्राइटनेस १८०'. पल्ला साधारण ० ते २५५, पण काही कंपन्या मोठा ठेवतात. म्हणून स्लायडर पूर्ण वर नेऊन 'पुट' च्या जागी 'गेट' देऊन, शेवटचा आकडा गाळून, वरची मर्यादा बघून घ्या. अँड्रॉइड ९ पासून स्लायडर सरळ प्रमाणात चालत नाही, म्हणून स्लायडर मध्यावर म्हणजे १२८ असं धरू नका. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली टॅबलेट तापला तर तो स्वतःच उजेड कमी करतो. तेव्हा कमांड बदलून उपयोग नाही, हवा खेळती करा.

टॅबलेट मुळात आडव्या घडणीचा असेल तर उभ्या स्क्रीनसाठी 'अ‍ॅक्सेलेरोमीटर_रोटेशन ०' आणि नंतर 'यूझर_रोटेशन १', दोन्ही तसेच 'सेटिंग्ज पुट सिस्टम' ने. उलटी आली तर ३. दराच्या अ‍ॅपनेच दिशा पक्की केली असेल तर हे चालणार नाही, मग अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये बघा.

रात्री स्क्रीन बंद आणि सकाळी सौद्याआधी चालू करायला 'एडीबी शेल इनपुट कीइव्हेंट' पुढे २२३ (बंद) आणि २२४ (चालू) वापरा. बरेच जण २६ सांगतात, पण ते पॉवर बटण आहे: बंद असेल तर चालू करतं, चालू असेल तर बंद. टास्क शेड्यूलरमध्ये (विंडोजची ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) ते घातलं आणि मध्येच कुणी स्क्रीनला हात लावला की सगळं उलटं होतं. बॅच फाइलची (कमांड ओळीने लिहिलेली फाइल) पहिली ओळ नेहमी 'एडीबी कनेक्ट' ची ठेवा.

खरी अडचण लाइट गेल्यावर येते. टॅबलेट बॅटरीवर तग धरतो, पण राउटर बंद-चालू होऊन त्याचा आयपी बदलू शकतो, म्हणून राउटरमध्ये त्याला कायमचा आयपी बांधून द्या. टॅबलेटच रीस्टार्ट झाला तर ५५५५ ची जोडणी जाते, पुन्हा केबल लावणं आलं. म्हणून दोन मीटरची केबल आधीच खाली सोडून ठेवा. अँड्रॉइड ११ चं 'वायरलेस डिबगिंग' इथे नको, वायफाय तुटलं की ते बंद पडतं.

विश्रामबागच्या घरून चालवायचं म्हणून राउटरमध्ये ५५५५ पोर्ट बाहेर उघडू नका. २०१८ मध्ये एडीबी.मायनर हा वर्म (आपोआप पसरणारा व्हायरस) असेच उघडे पोर्ट शोधत पसरला होता. गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरला व्हीपीएनने (इंटरनेटवरची सुरक्षित खासगी जोडणी) जोडा आणि तिथून कमांड द्या.