कायरल लिगँडची रचना : हस्तरूप कोठे असावे?

प्रश्न : मी एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. प्रकल्पासाठी मी जस्ताचे एक कोऑर्डिनेशन पॉलिमर (धातूचे अणू आणि त्यांना जोडणारे रेणू, म्हणजे लिगँड, यांचे जाळे) तयार केले. लिगँड कायरल (आरशातील आपल्या प्रतिमेशी तंतोतंत न जुळणारा, म्हणजे डावा किंवा उजवा) नसूनही क्ष-किरण विश्लेषणात पॉलिमरचा स्फटिक कायरल अवकाशगटाचा (स्फटिकातील मांडणीच्या सममितीचा प्रकार) निघाला. असे असताना कायरल लिगँड मुद्दाम तयार करण्याचा खटाटोप का करावा? आणि करायचाच झाला, तर अमिनो आम्लापासून सुरुवात करणे योग्य ठरेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण तपासला तो एक स्फटिक आहे, आणि खरी गोम तिथेच आहे. अकायरल लिगँड धातूभोवती मळसूत्रासारखा वळसा घेऊन जुळतो तेव्हा डावे आणि उजवे वळण सारख्याच ऊर्जेचे असते. त्यामुळे एखादा स्फटिक पूर्णपणे उजवा निघाला, तरी त्याच पात्रातील जवळजवळ निम्मे स्फटिक डावे असण्याची शक्यता मोठी असते. लुई पाश्चरने 1848 मध्ये सोडियम अमोनियम टार्टरेटचे असे दोन प्रकारचे स्फटिक चिमट्याने वेगळे केले होते, पण सूक्ष्म भुकटीच्या रूपात मिळणाऱ्या पॉलिमरच्या बाबतीत तो मार्ग आपल्याला मोकळा नाही. संपूर्ण नमुना एकाच हस्तरूपाचा (फक्त डावा किंवा फक्त उजवा) हवा असेल, तर ते हस्तरूप लिगँडमधूनच आणणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

मात्र अशा द्रव्याने अभिक्रियेत एकच हस्तरूप जास्त बनवावे अशी अपेक्षा असेल, तर लिगँड कायरल असणे एवढ्यानेच काम भागत नाही. दक्षिण कोरियातील पोहांग येथे किमून किम यांच्या गटाने 2000 साली टार्टारिक आम्लापासून (आपल्या चिंचेच्या आंबटपणाचे मुख्य कारण तेच) लिगँड तयार केला आणि जस्ताशी जुळवून ‘पोस्ट-1’ हे सच्छिद्र द्रव्य मिळवले. त्याच्या पोकळ्यांत काही पिरिडिन गट (नायट्रोजन असलेली वलये) धातूशी न जुळता मोकळे राहतात, आणि तेच एस्टर-विनिमयाच्या अभिक्रियेला चालना देतात. कल्पना अत्यंत सुंदर होती, पण एनँशिओमर आधिक्य (उत्पादनात एका हस्तरूपाचे दुसऱ्यापेक्षा जास्तीचे प्रमाण) मिळाले सुमारे 8 टक्के, म्हणजे एक रूप 54 तर दुसरे 46. माझ्या मते याचे कारण रचनेतच दिसते : अभिक्रिया घडवणारा पिरिडिनचा नायट्रोजन कायरल कार्बनपासून बराच दूर आहे, त्यामुळे अभिकारक रेणूला ते हस्तरूप फारसे जाणवतच नाही.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतील वेनबिन लिन यांच्या गटाचे आहे. त्यांनी 2005 मध्ये बायनॅफ्थॉलच्या सांगाड्यावर दोन पिरिडिन गट बसवले आणि कॅडमियम क्लोराइडशी त्याचे जाळे विणले. या सांगाड्यात एकही कायरल कार्बन नाही. दोन नॅफ्थलिन वलयांना जोडणाऱ्या बंधाभोवती फिरता येत नाही, यातूनच त्याचे हस्तरूप येते. जाळे बांधण्याचे काम पिरिडिनने केले आणि दोन हायड्रॉक्सिल गट मोकळे राहिले. त्यांवर नंतर टायटॅनियम बसवल्यावर अ‍ॅरोमॅटिक आल्डिहाइडवर डायएथिल झिंकची भर घालण्याच्या अभिक्रियेत 93 टक्क्यांपर्यंत आधिक्य मिळाले. आल्डिहाइड जसजसे आकाराने मोठे घेतले, तसतसे रूपांतर घटत गेले. अभिक्रिया पोकळ्यांच्या आत होत असल्याचा हा चांगला पुरावा होता.

तेव्हा लिगँड रेखाटताना जाळे बांधणारे गट आणि कायरल परिसर घडवणारे गट वेगळे ठेवावेत, कायरल भाग अभिक्रियेच्या जागेला खेटून असावा, आणि सांगाडा ताठर असावा. लिगँड नुसता लांबवला तर पोकळी वाढण्याऐवजी एका जाळ्यात दुसरे जाळे गुंतण्याचा धोका असतो, हेही ध्यानात ठेवावे.

अमिनो आम्ले स्वस्त आहेत, एकाच हस्तरूपात सहज मिळतात, आणि सरावासाठी त्यांना माझा आक्षेप नाही. पण ती लवचीक असल्याने जाळे कोणत्या आकाराचे होईल याचा अंदाज बांधणे कठीण जाते. शिवाय अल्फा-कार्बनवरील हायड्रोजन आम्लधर्मी असल्यामुळे अल्कधर्मी माध्यमात, बंद पात्रात, 150 अंश सेल्सिअसच्या आसपास दीर्घकाळ तापवल्यास रेसमीकरण (डाव्या-उजव्या रूपांचे समसमान मिश्रण) होऊ शकते, आणि एवढ्या कष्टाने आणलेले हस्तरूप भट्टीतच नाहीसे होते. शक्य तितक्या कमी तापमानाला स्फटिक वाढवावेत.

तपासणीत फ्लॅक प्राचलावर (स्फटिकाचे हस्तरूप क्ष-किरण विश्लेषणातून सांगणारा आकडा) थांबू नये, कारण तो एका स्फटिकाविषयीच बोलतो. लिगँडच्या दोन्ही हस्तरूपांपासून पॉलिमर तयार करून घन अवस्थेतील वर्तुळ-द्विवर्णता (डाव्या आणि उजव्या वर्तुळ-ध्रुवित प्रकाशाच्या शोषणातील फरक) मोजावी; दोन्ही आलेख परस्परांची आरशातील प्रतिमा असले पाहिजेत. त्यानंतर थोडा नमुना सौम्य आम्लात विरघळवून लिगँड परत मिळवावा आणि त्याचे प्रकाशीय वलन (ध्रुवित प्रकाशाचे प्रतल किती फिरते ते) मूळ लिगँडच्या वलनाशी ताडून पाहावे.