आजीची एकदाणी घालायची की ठेवायची

मनू,

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "बाबा, आजीनं सोन्याच्या मण्यांची एकदाणी मला घालायला दिली आणि तुम्ही म्हणता लॉकरमध्ये ठेव. आपल्यात सोनं घालायला असतं की हरवू नये म्हणून असतं?" मी हसून विषय बदलला, पण ते लागलं मला. कारण उत्तर सुचलं नाही. म्हणून लिहितोय. मराठी अडलं तर आईला विचार.

आजीला विचारलं असतंस तर तिनं एका ओळीत संपवलं असतं: "आंगावरचं हरपत नाही वं पोट्टे, ठेवलेलं हरपते." हे मी लहानपणापासून ऐकतो, आणि ते खरं नाही. बेबीआत्याची कानातली कुडी अंगावरूनच गेली. वैशाखात आपल्या वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिथं पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटताना कुडीची फिरकी ढिली होऊन गळली, मागोमाग कुडी. आम्ही पोरं पोटावर पडून भेगेत बॅटरी मारत होतो. आबाजींनी टिकासानं खणलं, मोठ्या आईनं ती माती गव्हाच्या चाळणीतून काढली. काही नाही. मग मृगाचा पाऊस आला. काळी माती पाणी प्यायली की फुगते, भेगा मिटतात. आत गेलं ते गेलं.

आजीची एकदाणी मात्र गेली नाही, आणि ती तर वावरात, बाजारात, सगळीकडे घालून जायची. रात्री चिमणी मालवायच्या आधी खाटेवर बसून ती एकेक मणी अंगठ्यानं चाचपायची, ओठ हलायचे. मला वाटायचं, जप करते.

जप नव्हता तो. हिशेब होता. जून लागला की आबाजी ती एकदाणी रुमालात बांधायचे, मला सायकलच्या दांडीवर बसवायचे आणि आम्ही सावकाराकडे जायचो. बियाण्याला, खताला पैसे हवेत ना. सावकार काट्यावर टाकायचा, चिठ्ठी लिहायचा, थैलीत घालायचा. सीतादहीला, म्हणजे पहिली वेचणी सुरू करताना वावरात पूजा असते तेव्हा, आजूबाजूच्या बायका नटून यायच्या आणि आजीच्या गळ्यात नुसती काळी पोत. पदर गळ्याभोवती घट्ट घेतलेला. कापूस विकून चुकारा हातात पडला की व्याज भरून एकदाणी सोडवून आणायची. उलंगवाडीपर्यंत, म्हणजे कापसाचा हंगाम संपेपर्यंत, आली तर ते वर्ष चांगलं. आजी ती घेऊन आधी दिव्याजवळ बसायची आणि मोजायची, मणी तेवढेच आहेत ना, आपलेच आहेत ना. ती सवय मग कायमची राहिली.

आता तूच सांग, ही भावना म्हणायची की गरज? तुझ्या आईशी मी यावर वाद घातला आहे. ती म्हणते, तुमच्या घरात सोन्याला भावना चिकटवायची उसंतच कुणाला होती. असेल. पण दरवर्षी हातातून जाऊन दरवर्षी परत आलेली वस्तू वेगळीच होते, एवढं मला कळतं. (आजीनं ती बेबीआत्याला न देता तुला का दिली, यावर आत्या अजून बोलते. तो विषय आपण सोडू.)

मोजण्याइतकंच तिचं दुसरं काम म्हणजे गाठवून घेणं. दोरा जरा काळवंडला, सैल वाटला की दारव्ह्याच्या बाजारात पटव्याकडे, म्हणजे दागिने दोऱ्यात गाठवणाऱ्याकडे. पटवा दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवून ताणायचा आणि दोन मण्यांच्या मधे गाठ मारायचा. दोरा तुटलाच तर एखादाच मणी सुटावा, माळ ओघळू नये. आजी समोर उकिडवी बसून त्याच्या बोटांवरून नजर हलवायची नाही. आंघोळीला काढायची ती कोनाड्यातल्या पितळी डबीतच, पदराच्या गाठीत नाही की उशीखाली नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, आणि हे हुकूम म्हणून वाचू नकोस. घाल. पण पोहायला आणि गरम पाण्याच्या शॉवरखाली नको. मणी आतून पोकळ आहेत, त्यांत लाख भरलेली आहे. ती उष्णतेनं मऊ होते, आणि साबणानं, घामानं दोरा कुजतो. तुझ्या त्या जाड मफलरच्या आत घालू नकोस, ओढताना अडकेल. अंगठीचंही सांगतो: कॅनडातल्या त्या कॅलगरीच्या थंडीत बोटं बारीक होतात आणि हातमोजा काढताना अंगठी आतच राहते. काढलेलं टिश्यूत गुंडाळू नकोस, कोणीतरी कचऱ्यात टाकतं. विमानात असशील तेव्हा अंगावर किंवा हातातल्या पिशवीत, सामानात नाही.

आणि फुटपट्टी शेजारी ठेवून फोटो काढ. भारतात हॉलमार्क 2021 पासून टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला; आजीची एकदाणी त्याच्या फार आधीची, तिच्यावर छाप नाही. फोटो नसेल तर ती आपली हे दाखवायचं कशावरून? घराच्या विम्यात दागिन्यांना मर्यादा असते, ती वेगळी नोंदवावी लागेल. आबाजींच्या वहीत वजन तोळा-मासा-गुंजांत आहे. तो जुना तोळा, साधारण 11.66 ग्रॅमचा, हल्ली सराफ 10 ग्रॅमला तोळा म्हणतात. फॉर्म भरताना गल्लत करू नकोस. विम्यातून पैसे मिळतील, मणी नाही, हे तुला सांगायला नको.

तिथल्या सोनारानं दोरा काढून तार घालू म्हटलं तर नाही म्हण. सोनं मऊ असतं, तारेनं मण्यांची भोकं झिजतात. बाजारातला तो पटवा आता नाही, त्याचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. डिसेंबरात गावी गेलो की यवतमाळला कोणी मिळतो का बघू. तोवर दोरा टिकेल असं मला वाटतं. घातलीस का, म्हणून मी विचारणार नाही. विचारेन, पण रोज नाही.

बाबा