एवढ्याशा शब्दाला इतके अर्थ कसे?

प्रश्न : माझी मुलगी मराठी शाळेत सातवीत आहे. ‘रन’ म्हणजे धावणे, हे तिने पाठ केले. पुढे नळ, दुकान, ताप आणि निवडणूक यांच्यासोबतही तोच शब्द आल्याने ती गोंधळली आहे. तिला काय सांगावे? – एक पालक, नाशिकरोड

उत्तर : तिचा गोंधळ अगदी रास्त आहे. ऑक्सफर्डच्या बृहद् इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत ‘सेट’ची नोंद सर्वांत मोठी होती, पुढील सुधारणेत तो मान ‘रन’कडे गेला आणि या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले गेले. हे शब्द इंग्रजीत हजारांहून अधिक वर्षे रोजच्या बोलण्यात आहेत. माणूस धावतो तसे पाणी वाहते, पाण्यासारखे यंत्र अखंड चालते आणि यंत्राप्रमाणे दुकानही चालवले जाते, अशा साखळीने अर्थ पसरत जातो. शिवाय ‘रन आउट’ म्हणजे संपणे आणि ‘रन इंटू’ म्हणजे अवचित भेटणे. शिकवताना ही जोडरूपेच सर्वाधिक दुर्लक्षित राहतात, असे मला तीव्रतेने वाटते.

आपले ‘लागणे’ पाहा : भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते आणि नाशिकरोडहून शहरात येताना द्वारका चौकही लागतो. हे अर्थ कोणी यादीवरून शिकले नाही. म्हणून मुलीला सुटा शब्द पाठ करायला न लावता, नवा अर्थ भेटेल तेव्हा ते संपूर्ण वाक्यच वहीत उतरवायला सांगावे आणि ते मोठ्याने वाचून घ्यावे.