गावसकरांच्या आठवणी टिपून घेताना

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतची प्रश्नावली, दोन्ही मिळाले. कोल्हापुरातील पेठांमध्ये, उद्यमनगरात आणि करवीर-पन्हाळ्याच्या गावांत जाऊन जुन्या माणसांकडून सुनील गावसकरांच्या कारकिर्दीच्या आठवणी टिपून घेण्याचा तुझा विचार मला मनापासून आवडला. या कामाला आता उशीर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्याच्या वेळी जो मुलगा शाळेच्या शेवटच्या वर्गात होता तो आज सत्तरीला पोहोचला आहे, आणि ज्याने त्या मुलाला शेजारी बसवून क्रिकेट समजावून सांगितले तो बहुधा आता आपल्यात नाही.

प्रश्नावलीतला पहिला प्रश्न मात्र काढून टाक. ‘गावसकर आपल्याला का आवडतात?’ असे विचारलेस की तंत्र, एकाग्रता, सरळ बॅट, हेल्मेट न घालता खेळलेले वेगवान गोलंदाज, हीच उत्तरे घरोघरी मिळतील. ती सारी खरी असतील, पण एकमेकांपासून ओळखू येणार नाहीत आणि ती कोल्हापुरात मिळाली की नागपुरात, हेही वाचणाऱ्याला कळणार नाही. त्याऐवजी एखादा सामना धरून विचार. तो सामना तुम्ही ऐकलात, वाचलात की पाहिलात? रेडिओ कुणाचा होता, कोणते स्टेशन लागले होते, खोलीत आणखी कोण होते, बातमी कळल्यावर पुढच्या अर्ध्या तासात काय केलेत? इतके नेमके विचारले म्हणजे माणूस स्तुती बाजूला ठेवून आठवू लागतो. आठवायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तू गप्प बसले पाहिजेस.

मी हे इतक्या आग्रहाने का सांगतो, ते भाऊसाहेब निंबाळकरांच्या उदाहरणावरून तुझ्या लक्षात येईल. भाऊसाहेब आपल्या कोल्हापूरचे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध रणजी सामन्यात त्यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील तेव्हाचा सर्वोच्च वैयक्तिक धावांचा विक्रम डॉन ब्रॅडमन यांच्या नावावर होता, नाबाद ४५२. तो अवघ्या नऊ धावांवर असताना, उपाहाराच्या वेळी काठियावाडच्या संघाने पुढे खेळण्यास नकार दिला आणि सामना तिथेच संपला. कोणत्याही भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतील ती आजही सर्वांत मोठी खेळी आहे, आणि ती खेळणाऱ्याला एकही अधिकृत कसोटी खेळायला मिळाली नाही. २०१२ च्या डिसेंबरमध्ये, ९३ वा वाढदिवस एका दिवसावर आला असताना, ते कोल्हापुरातच गेले. आज त्या खेळीविषयी कुणालाही विचार. हुकलेल्या नऊ धावांची एवढीच गोष्ट सगळे जण जवळजवळ त्याच शब्दांत सांगतात. त्याआधीच्या ४४३ धावा त्यांनी कशा केल्या, कोणता फटका अधिक खेळला, मैदानावर किती माणसे होती, ती बातमी कोल्हापुरात कशी आली आणि भाऊसाहेबांच्या गल्लीत त्या संध्याकाळी काय झाले, यांतले काही कुणाच्या तोंडून ऐकायला मिळत नाही. इतकी वर्षे ते आपल्या गावात राहत होते आणि ज्यांनी ती खेळी डोळ्यांनी पाहिली होती अशी माणसेही अनेक वर्षे हयात होती, हे मनात आले की मला फार हळहळ वाटते.

गावसकरांच्या बाबतीत आकड्यांची चिंता तुला करायला नको. १२५ कसोटी, १०,१२२ धावा, ३४ शतके, त्यांतली १३ वेस्ट इंडीजविरुद्ध, हे सारे नोंदलेले आहे आणि ते एका पानावर मावते. तुला जे हवे आहे ते या पानाबाहेर आहे. तरीही ते पान पाठ करूनच घराबाहेर पड, कारण समोरचा माणूस काय सांगतो आहे हे ओळखण्यासाठी तुला सामन्यांचा क्रम, ठिकाणे आणि विशेषतः घड्याळ नीट माहीत असले पाहिजे.

घड्याळाविषयी थोडे सविस्तर लिहितो. वेस्ट इंडीजमधील सामना आपल्याकडे रात्रीच्या जेवणाच्या सुमारास सुरू होई आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर संपे. इंग्लंडमधील सामना दुपारच्या चहाला सुरू होऊन रात्री अकराच्या आसपास संपे, आणि ऑस्ट्रेलियातला आपण अंथरुणातून उठण्याआधीच सुरू झालेला असे. त्यामुळे कुणी ‘पोर्ट ऑफ स्पेनचे द्विशतक आम्ही शाळेच्या मधल्या सुट्टीत ऐकले’ असे म्हणाला, तर त्याने मधल्या सुट्टीत ती बातमी ऐकली असेल किंवा कुणीतरी मोठ्याने वाचलेले वर्तमानपत्र ऐकले असेल, प्रत्यक्ष खेळ नव्हे. तेव्हा त्याला खोटे ठरवू नकोस. ‘वर्तमानपत्र कोण वाचत होते?’ एवढेच विचार. कदाचित तिथून एखादे शिक्षक, एखादा शिपाई, एखादे सलून बाहेर येईल, आणि मूळ आठवणीपेक्षा ते अधिक मोलाचे असेल. याच हिशेबाने मी तुला गुऱ्हाळघरांत काम केलेल्या माणसांकडे जायला सांगतो. १९७१ चा दौरा आणि १९७६ चा दौरा हे दोन्ही गुऱ्हाळांच्या हंगामाच्या उत्तरार्धात येतात, आणि चुलाणापाशी रात्र काढणाऱ्यांना जागे राहण्यासाठी कारण शोधावे लागत नसे. शाहू मिलमध्ये रात्रपाळी केलेल्यांनाही विसरू नकोस.

१९७१ च्या मालिकेवर जितका वेळ देता येईल तितका दे. बोटाला झालेल्या संसर्गामुळे गावसकर पहिली कसोटी खेळू शकले नाहीत. दुसऱ्या कसोटीत, पोर्ट ऑफ स्पेनला पदार्पण करताना त्यांनी ६५ आणि नाबाद ६७ धावा केल्या आणि भारताने वेस्ट इंडीजला कसोटीत प्रथमच हरवले. पुढे जॉर्जटाऊनला ११६ आणि नाबाद ६४, ब्रिजटाऊनला १ आणि नाबाद ११७, आणि पुन्हा पोर्ट ऑफ स्पेनला, दाढदुखीने हैराण असताना, १२४ आणि २२०. चार कसोटींत मिळून ७७४ धावा झाल्या, आणि त्या एकवीस वर्षांच्या मुलाच्या पहिल्याच मालिकेत झाल्या. लोक हे सांगतीलच. पण त्याच दौऱ्यात दिलीप सरदेसाईंनी ६४२ धावा केल्या होत्या, आणि किंग्स्टनला संघ अडचणीत असताना काढलेल्या त्यांच्या २१२ धावांवर त्या दौऱ्याचा सूर बदलला, हे किती जणांना आठवते ते मुद्दाम विचार. एका मोठ्या नावाच्या भोवती बाकीची नावे हळूहळू पुसली जातात, आणि ती परत लिहून ठेवण्याची संधी तुझ्यासारख्यालाच मिळते. ज्या म्हाताऱ्या माणसाने विचारण्याआधीच सरदेसाईंचे नाव घेतले, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जा. त्याने ती मालिका खरोखर मन लावून अनुभवली आहे.

पोर्ट ऑफ स्पेनची आणखी एक अडचण आहे. १९७६ मध्ये तिथेच भारताने चौथ्या डावात ४०३ धावांचे आव्हान पेलले आणि ४ बाद ४०६ करून सामना जिंकला. त्यात गावसकरांच्या १०२, विश्वनाथच्या ११२ आणि मोहिंदर अमरनाथच्या ८५ धावा होत्या. मैदान तेच, प्रतिस्पर्धी तोच, विजय तसाच. पाच वर्षांच्या अंतराने ऐकलेले हे सामने बऱ्याच डोक्यांत एकमेकांत मिसळलेले असतात. तेव्हा कप्तान वाडेकर होते की बेदी, एवढे विचारलेस तरी बराच गुंता सुटेल.

ओव्हलची गोष्ट निराळी आहे, आणि माझ्या दृष्टीने तुझ्या संग्रहाचा गाभा तीच असेल. ४ सप्टेंबर १९७९. विजयासाठी ४३८ धावा हव्या होत्या आणि शेवटच्या दिवसाची सुरुवात बिनबाद ७६ वरून झाली होती. गावसकर आणि चेतन चौहान यांनी २१३ धावांची सलामी दिली, पुढे वेंगसरकरने साथ दिली, आणि धावफलकावर १ बाद ३६६ लागले. तोवर आपल्याकडे रात्र झाली होती. त्यानंतर पडझड सुरू झाली. गावसकर २२१ वर बोथमच्या गोलंदाजीवर बाद झाले आणि सामना ८ बाद ४२९ वर अनिर्णित राहिला. इथेही नऊच धावा कमी पडल्या, आणि भाऊसाहेबांच्या गावात राहणाऱ्या मला तो आकडा वाचून दर वेळी चुटपुट लागते. आमच्या पेठेत एक गृहस्थ होते, ते शेवटपर्यंत ठामपणे सांगत की ओव्हलला आपण जिंकलो. त्यांना कुणी धावफलक दाखवला असता तरी ते मानले नसते, कारण १ बाद ३६६ ऐकून ते समाधानाने झोपायला गेले होते आणि त्यांच्यापुरता सामना तिथे संपला होता. अशी आठवण तुला मिळाली तर ती जशीच्या तशी लिही आणि तिच्याखाली खरी धावसंख्या दे. दोन्ही शेजारी शेजारी राहू देत. त्या गृहस्थांच्या चुकीतून १९७९ सालच्या एका घरातला विश्वास दिसतो, आणि तो कोणत्याही धावफलकावर सापडणार नाही.

ओव्हलविषयी आणखी एक प्रश्न न चुकता विचार. विश्वनाथला मागे ठेवून कपिल देवला वर पाठवले आणि तो शून्यावर बाद झाला, यावर तुमचे काय मत होते? या एका निर्णयावरून त्या काळी कट्ट्यांवर झालेले वाद अनेकांना अजून तोंडपाठ आहेत. कोल्हापूरचा माणूस कुस्ती असो वा फुटबॉल, निकालापेक्षा डावाविषयी अधिक आवेशाने बोलतो. तो आवेश तुझ्या लेखणीत उतरला पाहिजे, म्हणून बोलणाऱ्याची भाषा सुधारू नकोस. ‘गडी’ म्हणाला तर ‘गडी’च लिही.

जे प्रसंग चाहत्यांना अवघड वाटतात तेही टाळू नकोस. ७ जून १९७५ रोजी पहिल्या विश्वचषकात, लॉर्ड्सवर इंग्लंडने ३३४ धावा केल्यावर गावसकर साठ षटके खेळून १७४ चेंडूंत ३६ धावांवर नाबाद राहिले. १९८१ मध्ये मेलबर्नला, ७० धावांवर पायचीत दिल्यावर संतापून ते चौहानला सोबत घेऊन मैदान सोडायला निघाले. संघाच्या व्यवस्थापकांनी चौहानला सीमारेषेपाशी थांबवले, आणि पुढे तोच सामना भारताने जिंकला. या दोन घटनांवर बोलताना काही जण रागावतील, काही जण समर्थन करतील, काही जण विषय बदलतील. तिन्ही नोंदव. माझे स्वतःचे मत विचारशील तर मेलबर्नचे वागणे मला पटलेले नाही आणि लॉर्ड्सचे कोडे मला सुटलेले नाही, तरी या माणसाविषयीचा माझा आदर त्याने तिळभरही कमी झालेला नाही. ज्याच्यावर लोक इतके प्रेम करतात त्याच्याविषयी ते खरे बोलू शकतात, एवढा विश्वास त्यांच्यावर ठेव.

१९८३ मध्ये दिल्लीला ब्रॅडमन यांच्या २९ शतकांशी केलेली बरोबरी, त्याच मालिकेत चेन्नईला नाबाद २३६, मार्च १९८७ मध्ये अहमदाबादला पूर्ण झालेल्या दहा हजार धावा, हे प्रसंग लोक आपणहून सांगतील, त्यासाठी फारसे खोदावे लागणार नाही. मात्र अहमदाबादनंतर काही दिवसांतच बंगळुरूला पाकिस्तानविरुद्ध, चेंडू हातभर वळत असलेल्या खेळपट्टीवर, त्यांनी शेवटच्या कसोटी डावात ९६ धावा केल्या आणि भारत १६ धावांनी हरला, त्याविषयी थांबून विचार. ती त्यांची शेवटची कसोटी आहे, हे पाहणाऱ्यांना त्या दिवशी ठाऊक होते का, की नंतर कळले, आणि कळल्यावर काय वाटले, हे विचारण्यासारखे आहे.

स्त्रियांना विचारायचे राहू देऊ नकोस. तुझ्या यादीत सगळी पुरुषांचीच नावे आहेत. रेडिओ ज्या घरात होता त्या घरात स्वयंपाकघरही होते, आणि धावसंख्या विचारायला खिडकीशी येणाऱ्या शेजाऱ्यांना उत्तर देणारी बहुधा तीच असे. तिला फटक्यांची नावे ठाऊक नसतील, पण कोण किती वेळ बसले होते आणि कोण जेवणाच्या ताटावरून उठून गेले, हे तिच्याइतके कुणाला आठवणार नाही.

सामन्याची तारीख आणि बातमी पडताळण्यासाठी जुने वर्तमानपत्र पाहावे लागेल. त्यासाठी करवीर नगर वाचन मंदिरात आणि विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात विचारून पाहा. काही घरांत मात्र तुला त्याहून चांगली वस्तू सापडेल, ती म्हणजे शाळकरी वयात खळीने चिकटवलेली कात्रणवही. ती घरी नेण्यासाठी मागू नकोस. मालकाला शेजारी बसवून एकेक पान उलट, प्रत्येक पानाचा फोटो घे, समासात काही लिहिले असेल तर ते कुणाचे अक्षर आहे ते विचार आणि कात्रणावर तारीख नसेल तर मागच्या बाजूची जाहिरात किंवा बातमी दिसते का ते पाहा. पहिल्या काही मुलाखती उतरवून झाल्या की माझ्याकडे पाठव. सामन्यांच्या तारखा आणि धावा मी ताडून देईन.

कळावे. अनेक आशीर्वाद.